मज्जातंतूंचे बोल

देवळातील घंटा वाजते आणि तिचा नाद आपणांस ऐकू येतो; परंतु तो नाद काही मेंदूत शिरत नाही. हवेच्या लहरी कानाच्या पडद्यावर आदळतात. त्यांचे कंप अंतर्कर्णातील शंखाकृती भागापर्यंत पोहोचतात. तेथून पुढे मात्र मज्जातंतूंतून विजेचे अतिसूक्ष्म स्पंद तेवढे मेंदूकडे धावतात. घंटेचा नाद असो की आईची हाक असो, दोहोंचे रूपांतर अशा स्पंदांतच होते. मग मेंदूला त्यांतील भेद कळतो कसा? या कोड्याची पहिली किल्ली ज्यांना सापडली, ते एडगर डग्लस एड्रिअन होत.

एड्रिअन यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८८९ रोजी लंडन येथे झाला. केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात त्यांस कीथ ल्यूकस यांच्यासारखे गुरू लाभले. मज्जातंतूतील स्पंद एकतर पूर्ण उठतो, नाहीतर मुळीच उठत नाही, या नियमाचा अभ्यास गुरुशिष्यांनी आरंभिला. फटाक्याच्या वातीला काडी लावा की मशाल लावा, वात जळते ती सारखीच. तसेच हे आहे. पुढे पहिले महायुद्ध पेटले. एड्रिअन वैद्यकीचे शिक्षण पुरे करून सैनिकांवर उपचार करू लागले. इ. स. १९१६ मध्ये ल्यूकस विमानाच्या अपघातात मृत्यू पावले. इ. स. १९१९ मध्ये एड्रिअन केंब्रिजला परतले, तेव्हा गुरूंची प्रयोगशाळा त्यांची वाट पाहत होती.

हे स्पंद इतके क्षीण असतात, की त्या काळच्या उपकरणांनी ते नीट टिपता येत नसत. एड्रिअन यांनी रेडिओतील व्हॉल्व्हचा उपयोग करून ते कित्येक पटींनी मोठे केले. एकदा बेडकाचा एक स्नायू टांगून त्याचा मज्जातंतू त्यांनी यंत्रास जोडला होता. यंत्रातील रेषा एकसारखी थरथरू लागली. यंत्रच बिघडले असावे, असे त्यांस वाटले. त्यांनी तो स्नायू काचेच्या पट्टीवर ठेवला, तोच थरथर थांबली. पुन्हा टांगला, की ती सुरू! स्नायू स्वतःच्याच भाराने ताणला जात होता आणि त्या ताणाची वार्ता स्पंदांच्या रूपाने निघत होती. बिघाड म्हणून सोडून दिले असते, तर केवढा शोध हातचा गेला असता!

इ. स. १९२६ मध्ये स्वीडनचे झोटरमन यांच्या साहाय्याने त्यांनी एकाच तंतूतील स्पंद वेगळे करून दाखविले. भार वाढविला, तरी स्पंद मोठा होत नाही. तो अधिक वेळा उठतो. मज्जातंतूंची भाषा स्पंदांच्या आकारात नसून त्यांच्या गतीत असते, हे अशा रीतीने सिद्ध झाले. हे स्पंद ध्वनिवर्धकातून तडतड असे ऐकूही येत. या कार्याबद्दल इ. स. १९३२ मध्ये त्यांस शेरिंग्टन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच सुमाराचा एक प्रसंग आहे. इ. स. १९३० मध्ये अमेरिकेतील वीव्हर व ब्रे या शास्त्रज्ञांनी मांजराच्या कर्णमज्जेस तार जोडली. मांजराच्या कानाशी उच्चारलेले शब्द दुसऱ्या खोलीतील टेलिफोनमध्ये स्पष्ट ऐकू आले. मज्जातंतू असे बोल वाहून नेतात काय? एड्रिअन यांस शंका आली. ही वीज मज्जातंतूची नसून, अंतर्कर्ण मायक्रोफोनप्रमाणे ती निर्माण करीत असावा, असे मत त्यांनी १९३१ मध्ये मांडले. नंतर त्यांनी सहकाऱ्यांसह स्वतः प्रयोग केले आणि त्याच वर्षी आपले मत बदलून हा परिणाम मज्जातंतूंचाच असल्याचे जाहीर केले. नोबेलच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाने एका वर्षात दोनदा जगापुढे येऊन असे म्हणावे, ही सोपी गोष्ट नव्हे. पुढे इतरांच्या प्रयोगांनी मौजच झाली; तारेतून दोन्ही प्रकारची वीज मिसळून येत होती!

एड्रिअन पुढे रॉयल सोसायटीचे अध्यक्ष व ट्रिनिटीचे प्रमुख झाले. ४ ऑगस्ट १९७७ रोजी त्यांचे निधन झाले. मेंदूच्या ज्या बाह्यस्तरात ध्वनीची वार्ता पोहोचते, तेथील एकेका पेशीजवळ आज शास्त्रज्ञ केसाहून बारीक तार नेतात. काही पेशी उंच स्वरास अधिक उत्तर देतात, काही खालच्या स्वरास. काही ध्वनी सुरू होताच क्षणभर तडतडतात आणि गप्प बसतात. कोणती पेशी केव्हा व किती वेळा स्पंदली, हे संगणक मोजतो. पण अनेक प्रयोगशाळांत एक ध्वनिवर्धक अजूनही ठेवलेला असतो आणि त्यातून तीच तडतड ऐकू येते.