तज्ज्ञाचा सल्ला आणि सरकारचीं खातीं

दाव्यांत हस्ताक्षराचा वाद निघाला म्हणजे न्यायाधीश तज्ज्ञाची साक्ष घेतो. पूल बांधावयाचा झाला म्हणजे सरकार इंजिनिअरास बोलावतें. परंतु धान्य, कापूस, कर्ज, कर यांविषयीं हुकूम काढतांना अर्थशास्त्र जाणणारा मनुष्य जवळ असलाच पाहिजे, असें सरकारी खात्यांस क्वचितच वाटतें. या उणिवेची किंमत कोणास मोजावी लागते, हें कै. धनंजय रामचंद्र गाडगीळ यांच्या चरित्रावरून आमच्या बुलढाणे जिल्ह्यांतील वाचकांस चांगलें कळेल.

धनंजयरावांचा जन्म १९०१ सालीं नाशिक येथें झाला. शालेय शिक्षण नागपुरास झालें, म्हणून वऱ्हाडास ते परके नव्हते. केंब्रिज येथें त्यांनीं हिंदुस्थानच्या औद्योगिक स्थित्यंतरावर लिहिलेला प्रबंध १९२४ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. स्वदेशीं परतल्यावर कांहीं काळ मुंबई सरकारच्या अर्थखात्यांत काम करून ते सुरतेस कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. रावबहादुर काळे यांच्या देणगीनें १९३० मध्यें पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली, तिचे ते पहिले संचालक. छत्तीस वर्षें त्यांनीं ती संस्था वाढविली. वाई तालुक्यांतील शेती काय, पुणे शहरांतील कुटुंबें काय, लोकस्थितीचा अंदाज न बांधतां ती घरोघर जाऊन मोजावी, हा त्यांचा बाणा होता.

या ज्ञानाची कसोटी १९४७ सालीं लागली. भावांविषयीं सल्ला देण्यासाठीं मध्यवर्ती सरकारनें एक मंडळ नेमलें. त्याचे अध्यक्ष श्री. गोरवाला व सभासद धनंजयराव. पुरवठा तोकडा असतां धान्यावरील नियंत्रण एकदम उठवूं नये, असें मंडळाचें मत पडलें. दुसरी बाजूही पोकळ नव्हती. नियंत्रणामुळें काळाबाजार माजला होता, आणि खुद्द महात्माजी तें उठविण्याच्या पक्षाचे होते. सरकारनें मंडळाचा सल्ला बाजूस सारला व वर्षअखेर नियंत्रण सैल केलें. भाव भडकले आणि १९४८ च्या उत्तरार्धांत तेंच नियंत्रण पुन्हा आणावें लागलें. हेतु शुद्ध होता, हिशेब चुकला. आणि चुकलेल्या हिशेबाचा भार मजुरी करून ज्वारी विकत घेणाऱ्या गरिबाच्या डोक्यावर पडला.

धनंजयराव रुसून बसले नाहींत. विठ्ठलराव विखे पाटलांसमवेत प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याची उभारणी करून त्यांनीं आपलें शास्त्र शेतकऱ्याच्या बांधावर नेलें. १९६७ मध्यें ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांस मिळणारें साह्य दिल्लीच्या मर्जीवर न सोडतां १९६९ मध्यें त्यास नियम घालून दिला: साठ टक्के लोकसंख्येवर आणि उरलेले दरडोई उत्पन्न, करप्रयत्न, चालू मोठे प्रकल्प व विशेष अडचणी यांवर प्रत्येकीं दहा टक्के. मे १९७१ मध्यें, पद सोडून पुण्यास परततांना, प्रवासांतच त्यांचें देहावसान झालें.

धडा स्पष्ट आहे. मध्यवर्ती सरकारनें १९६१ मध्यें अर्थतज्ज्ञांची स्वतंत्र सेवा निर्माण केली. आमच्या राज्यांतही अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे व जिल्ह्याजिल्ह्याचे आंकडे तें छापतें. पण आंकडे गोळा करणें निराळें आणि निर्णयापूर्वीं सल्ला घेणें निराळें. १९७२ पासूनच्या कापूस एकाधिकार खरेदीचा हेतु उत्तमच होता. तथापि हमीभाव बाजारभावाच्या वर गेला कीं तोटा तिजोरीवर पडे, आणि ती तिजोरी म्हणजे रयतेचाच खिसा.

निर्णय लोकप्रतिनिधींनींच करावा, याविषयीं आमचा वाद नाहीं. तज्ज्ञही चुकतो. आमचें मागणें इतकेंच कीं, भाव, कर्ज वा कर यांस हात घालणाऱ्या प्रत्येक हुकुमापूर्वीं खात्यांतील अर्थतज्ज्ञाचें लेखी मत घ्यावें, तें प्रसिद्ध करावें, आणि अमान्य केल्यास कारणें नमूद करावीं. न्यायाधीशास निकालाचीं कारणें लिहावीं लागतात. लक्षावधि कुटुंबांच्या भाकरीचा निकाल करणाऱ्यांस त्यांतून सूट कां असावी?