कापलेल्या कोपऱ्यांचे तिकीट

बँकेत असताना फाटक्या नोटा बदलून देण्याचे टेबल काही वर्षे माझ्याकडे होते. नोटेचा केवढा तुकडा शाबूत आहे ते पाहायचे आणि नियमाप्रमाणे किंमत पूर्ण, अर्धी की शून्य ते ठरवायचे. समोरच्या माणसाच्या हकिकतीला त्या नियमात जागा नव्हती. तिथे बसलो की शाळकरी वयातला माझा एक अपराध हटकून आठवे.

आजोबांच्या ट्रंकेतल्या एका पत्रावर १८५४ सालचे, राणी व्हिक्टोरियाचे अर्ध्या आण्याचे निळे तिकीट होते. त्या तिकिटांना दाते नसत. कात्रीने कापून ती वेगळी करावी लागत. साहजिकच कडा वेड्यावाकड्या. मी ते भिजवून सोडवले आणि नीटनेटके दिसावे म्हणून भोवतीचा कोरा कागद छापाच्या रेषेपर्यंत कातरून टाकला. पुढे फोर्टातल्या एका तिकीटविक्याने भिंगातून पाहून ते मुकाट्याने परत केले, तेव्हा कळले की अशा तिकिटाची किंमत त्या कोऱ्या कडेतच असते. चारी बाजूंना मोकळी कड असेल तर उत्तम. एका बाजूला ती छापाला भिडली की दर्जा उतरला. छापच कापला गेला तर विचारूच नका. दातेरी तिकिटांतही चित्र नेमके मधोमध हवे. त्याला सेंटरिंग म्हणतात. चित्र सरकून दात्यांखाली आले की भाव पडला. शिवाय रंग, मागचा डिंक, शिक्का हलका की जड हे सारे पाहतात. अमेरिकेत तर आता १०० पैकी गुण देतात.

या परीक्षेत जगातले सर्वांत नावाजलेले तिकीट सपशेल नापास होईल. ब्रिटिश गियानाचे १८५६ सालचे, एक सेंटचे, किरमिजी रंगाचे. इंग्लंडहून तिकिटे वेळेवर आली नाहीत म्हणून तिथल्याच छापखान्यात घाईने छापलेले. चारी कोपरे कापलेले. वर शिक्का आणि पोस्टाच्या कारकुनाची सही. १८७३ साली व्हर्नन व्हॉन नावाच्या १२ वर्षांच्या मुलाला ते सापडले आणि त्याने ६ शिलिंगांना विकून टाकले. १८७८ साली १५० पौंडांना ते ज्याच्याकडे गेले, त्या फिलिप फेरारीची ही गोष्ट. मोटारीच्या फेरारीशी याचा काही संबंध नाही.

फेरारी १८५० साली पॅरिसमध्ये जन्मला. वडील रेल्वे आणि पतपेढ्यांत अमाप पैसा कमावलेले ड्यूक. घर म्हणजे मातिन्यों हा वाडा, जिथे आज फ्रान्सचे पंतप्रधान राहतात. १८७६ साली वडील वारले आणि मुलाने त्यांची पदवी नाकारली. एका ऑस्ट्रियन अधिकाऱ्याने त्याला दत्तक घेतले. आईने वाडा ऑस्ट्रियाच्या सम्राटाला दिला, तरी मुलगा त्याच्याच एका भागात राहिला, तिकिटांच्या सोबतीने.

तो सुटी तिकिटे घेई, तसे आख्खे संग्रहही विकत घेई. १८७८ साली डॅनियल कूपर यांचा ३ हजार पौंडांना, १८८२ साली न्यायाधीश फिलब्रिक यांचा ८ हजारांना. १८९४ साली स्वीडनचे, हिरव्याऐवजी चुकून पिवळे छापलेले तीन स्किलिंगचे तिकीट ४ हजार गुल्डनना. भावासाठी घासाघीस करणे त्याच्या स्वभावात नव्हते. हे ओळखून लबाडांनी खास त्याच्यासाठी नकली दुर्मीळ तिकिटे बनवली. अशा मालाला संग्राहकांनी त्याच्याच नावावरून नावही पाडले. आमच्या बँकेत असा अधिकारी आठवडाभर टिकला नसता! पण गुण मोजणाऱ्याने बाजूला सारला असता तो कोपरे कापलेला किरमिजी कागद त्याने ३९ वर्षे जपला, हेही खरेच.

हा संग्रह फुटू नये म्हणून त्याने तो मृत्युपत्रान्वये बर्लिनच्या टपाल संग्रहालयाला दिला. पण मध्ये महायुद्ध आले. १९१७ साली फेरारी स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे वारला आणि फ्रान्स सरकारने संग्रह शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त केला. १९२१ ते १९२६ या काळात पॅरिसमध्ये १४ लिलाव झाले आणि आलेली रक्कम जर्मनीच्या युद्धभरपाईत वळती झाली. जमाखर्च चोख होता. तिथेही मृताच्या इच्छेला रकाना नव्हता.

किरमिजी तिकीट १९२२ साली अमेरिकेचे आर्थर हिंड यांच्याकडे गेले. २०१४ साली त्याला सुमारे ९५ लाख डॉलर आले, २०२१ साली ८३ लाख. त्याच्या पाठीवर फेरारीची छोटी तीन पानांची खूण अजून आहे. आख्ख्या संग्रहाच्या मालकाची तेवढीच निशाणी त्या कागदावर उरली.

माझे निळे तिकीट कोणी फुकटही घेणार नाही. परवा नातवाने विचारले, याला कड का नाही? मी त्याला सारे खरे सांगितले. मग अल्बम त्याच्या हवाली केला, सोबत चिमटा आणि भिंगही दिले. कात्री मात्र माझ्याजवळच ठेवली.