फोरिअर, त्याची उष्णता आणि आपली खिडकी

एम-थ्रीचा पेपर दिलेल्या कुणालाही हे नाव नवं नाही. फोरिअर सिरीज, फोरिअर ट्रान्सफॉर्म आणि मेकॅनिकलवाल्यांना वर हीट ट्रान्सफरमधला फोरिअरचा नियम! ज्याच्या नावाने आपण रात्री जागवल्या, तो माणूस कोण होता हे मात्र आपण कधी विचारत नाही.

जोसेफ फोरिअर (फ्रेंच उच्चार फुरिए) २१ मार्च १७६८ रोजी फ्रान्समधल्या ओसेर गावी एका शिंप्याच्या घरी जन्मला. नऊ-दहा वर्षांचा असताना आई-वडील दोघंही गेले. गावातल्या लष्करी शाळेत गणिताची गोडी लागली. तोफखान्यात जायचं होतं, पण उमराव घराण्यातला नाही म्हणून दार बंद. पुढे राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९४ साली तुरुंगात गेला. रोबेस्पिअर पडला आणि हा सुटला.

१७९८ मध्ये नेपोलियनच्या मोहिमेबरोबर तो इजिप्तला गेला आणि १८०१ मध्ये परतला. तिथल्या उन्हाची इतकी सवय झाली की मायदेशातली थंडी सोसेना. तापवलेल्या खोलीत अंगावर कपड्यांचे थर चढवून बसायचा, असं सांगतात. १८०२ मध्ये नेपोलियनने त्याला ग्रेनोबलला प्रिफेक्ट केलं, म्हणजे आपल्याकडच्या कलेक्टरसारखं काम. दलदल उपसणं, रस्ते बांधणं हे सांभाळून उरलेल्या वेळात साहेब उष्णतेचा अभ्यास करत होते.

१८०७ मध्ये त्याने पॅरिसला निबंध सादर केला. तपासणारे कोण, तर लाग्रांज, लाप्लाससारखे दिग्गज. कुठलंही फंक्शन साइन-कोसाइनच्या बेरजेत मांडता येतं, हे लाग्रांजला काही पटलं नाही. १८११ च्या स्पर्धेसाठी त्याने सुधारून पुन्हा पाठवला. बक्षीस मिळालं, पण मांडणी काटेकोर नाही असा शेराही मिळाला. अखेर १८२२ मध्ये त्याचं उष्णतेवरचं पुस्तक आलं. पंधरा वर्षं! आपलं सबमिशन दोनदा परत आलं की आपण वैतागतो.

त्याने एक गोष्ट नीट वेगळी केली : पदार्थाच्या आतून उष्णता वाहणं वेगळं आणि त्याच्या पृष्ठभागावरून ती हवेत जाणं वेगळं. हा फरक आज खिडकीच्या रेटिंगमध्ये दिसतो. खिडकीची यू-व्हॅल्यू म्हणजे आत-बाहेर एक अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते तो आकडा. कमी तितका चांगला. ६ मिमीच्या साध्या काचेचा तो सुमारे ५.७ असतो. काच जाड केली तर? १२ मिमीला सुमारे ५.५. फरक जवळजवळ शून्य! कारण काचेचा स्वतःचा रोध नगण्य. अडवतात ते दोन्ही बाजूंना चिकटलेले हवेचे पातळ थर. म्हणून पैसे जाडीवर नाही, तर अडकवलेल्या हवेवर घालायचे. दोन काचांमध्ये १२ मिमी हवा बंद केली की आकडा २.८ च्या आसपास येतो, म्हणजे निम्मा. लो-ई लेप आणि आरगॉन वायू असेल तर आणखी बराच खाली.

पण यू-व्हॅल्यू बघून लगेच खूष होऊ नका. त्यात थेट ऊन धरलेलं नसतं. त्याचा आकडा वेगळा, सोलर हीट गेन कोएफिशंट, साध्या काचेला सुमारे ०.८. समजा, खिडकी दोन चौरस मीटरची. बाहेर ४० अंश आणि आत २८, तर साध्या काचेतून जेमतेम १३७ वॅट येतात. त्याच काचेवर दर चौरस मीटरला ५०० वॅटचं ऊन पडलं तर आत ८०० वॅट! म्हणून थंडीच्या देशात आधी यू-व्हॅल्यू बघतात; आपल्या पश्चिमेच्या खोलीला मात्र आधी बाहेरून छज्जा किंवा चटई हवी. आतला पडदा उशिरा अडवतो. तोवर ऊन काचेतून आत आलेलं असतं.

फोरिअर १६ मे १८३० रोजी पॅरिसला वारला. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत त्याचंही नाव आहे. खिडकीच्या लेबलवर ते नसतं. पण तिथल्या यू-व्हॅल्यूमागे त्याचंच गणित आहे. तेव्हा पुढच्या वेळी खोली तापली की एम-थ्रीच्या नावाने खडे फोडू नका. आधी ऊन कुठून येतंय ते बघा!