होम्स काही पिच्छा सोडेना!

शेरलॉक होम्स कुणाला आवडत नाही? त्याच्या लेखकालाच! एडिंबरात १८५९ मध्ये जन्मलेले आर्थर कॉनन डॉयल पेशाने डॉक्टर. पेशंटकडे नुसतं बघून त्याचा धंदा ओळखणारे त्यांचे सर, डॉ. जोसेफ बेल, यांच्यावरून त्यांना होम्स सुचला. पण डॉयलना नाव हवं होतं ते ऐतिहासिक कादंबऱ्यांसाठी. वैतागून १८९३ मध्ये त्यांनी होम्सला धबधब्यात संपवलं. वाचक भडकले आणि १९०३ मध्ये त्याला परत जिवंत करावं लागलं.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जॉर्ज एडलजी या तरुण वकिलाला रात्री शेतातल्या घोड्याला जखमी केलं म्हणून सात वर्षांची शिक्षा झाली. त्याचे वडील मूळचे मुंबईचे पारशी. तीन वर्षांनी सुटल्यावर जॉर्जने डॉयलकडे मदत मागितली. पहिल्याच भेटीत डॉयलनी लांबून पाहिलं, तो पेपर डोळ्यांशी धरून वाचत होता. इतक्या अधू नजरेचा माणूस अंधारात शेत तुडवत जाईल कसा? डॉयलनी स्वतः तपास केला, १९०७ मध्ये पेपरात लेख लिहिले. जॉर्जला माफी मिळाली, वकिलीही परत मिळाली. भरपाई मात्र नाहीच.

१९३० मध्ये डॉयल गेले. होम्सला ते कंटाळले होते खरे, पण जॉर्जच्या कामी आली ती होम्सचीच नजर.