माधानचं आंधळं लेकरू



आज ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय उघडला. ज्ञानाची लक्षणं चालू आहेत. घरादारात, बायकामुलांत जीव अडकू न देणं हे त्यातलंच एक. तिथंच अडलो, पुढं वाचवेना. परवा आमच्याकडं वावराच्या वाटणीची बैठक झाली. धाकटा भाऊ जाऊन दोन वर्षं झाली. त्याचं पोरगं नऊ वर्षांचं, जन्मापासून डोळ्यांनी अधू. त्याच्या आईनं हक्कसोड करून द्यावी, पोराला आपण सांभाळू, त्याला वावर काय कामाचं, असं ठरत होतं. मी थोरला. खाली मान घालून चहा पीत बसलो.

ते वावर चांदूर बाजारच्या बाजूला आहे. आणि माधान तिथून जवळच. म्हणून आज गुलाबराव महाराज आठवले.

महाराजांचा जन्म ६ जुलै १८८१ चा, अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळीला, आजोळी. वडील गोंदुजी मोहोड, माधानचे कुणबी शेतकरी. लेकरू नऊ महिन्यांचं असताना डोळे आले, औषध उलटलं आणि दृष्टी गेली ती कायमची. चार वर्षांचे झाले तर आईही गेली. मग आजीनं लोणी टाकळीला सांभाळलं.

शेतकऱ्याच्या घरात आंधळं पोट्टं म्हणजे काय, हे आपल्या वऱ्हाडात वेगळं सांगायला नको. नांगर धरणार नाही, राखण करणार नाही. शाळा तर नाहीच. पण या पोराला ऐकायचा नाद. वाचता येणारा कोणी भेटला की त्याच्याकडून पोथी वाचून घ्यायचे, आणि एकदा कानावर पडलं की पाठ! सांगतात की रात्री आजीला जाग यायची तर नातू अंधारात आसन घालून बसलेला. म्हातारी घाबरून जायची. (तिला बिचारीला काय ठाऊक, या पोराला दिवस काय अन् रात्र काय!)

दहाएक वर्षांचे असताना माधानला परत आले, पुढं १८९६ साली लग्न झालं. संसार केला, पण जीव ग्रंथांत. वयाच्या विशीत, १९०१ साली, ज्ञानेश्वर माउलींची कृपा झाली, असं त्यांचा संप्रदाय मानतो. तेव्हापासून ते स्वतःला माउलींची कन्या म्हणवू लागले. मला हे फार आवडतं. त्या काळी लेकीला वावरात वाटा कुठं होता? यांनी मात्र लेक होऊनच माउलींचं सगळं धन घेतलं.

पुढं मराठी, हिंदी, संस्कृतात सव्वाशेहून जास्त ग्रंथ सांगितले. महाराज बोलायचे, दुसरे लिहून घ्यायचे. वेदान्त, भक्ती, संगीत, आयुर्वेद. डार्विन आणि स्पेन्सर यांची मतंसुद्धा वाचून घेतली आणि त्यांचं खंडन केलं. शाळेची पायरी न चढलेला माणूस हो! लोकांनी नाव दिलं प्रज्ञाचक्षू. २० सप्टेंबर १९१५ ला पुण्यात देह ठेवला, तेव्हा वय अवघं चौतीस.

आमच्या पोराला हरिपाठ पूर्ण पाठ आहे. परवा बैठक चालू असताना आतल्या खोलीत तो हळू आवाजात म्हणतच होता. आम्ही दार लोटून घेतलं, आकडेमोडीत व्यत्यय नको म्हणून. दार लोटणारा मीच.

तो काही गुलाबराव महाराज होईल असं मी म्हणत नाही. न होईना. त्याच्या बापाचा वाटा आहे तो.

हक्कसोडीचा कागद माझ्याकडंच ठेवायला दिलाय. उद्या पहिल्या एसटीनं अकोल्याहून निघतो. कागद सोबत नेणार नाही. पोराच्या आईशी आधी बोलेन, भावांशी नंतर. ते चिडतील, चिडू द्या.

उद्याचं चिंतन त्यामुळं रात्री उशिरा येईल, सांभाळून घ्या.