बाबासाहेबांची विद्यार्थिदशा आणि पैशाचा हिशेब

फेब्रुवारी 1941 मध्ये आपल्या जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे परिषदेसाठी आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर आम्हांस वडीलधाऱ्यांच्या आठवणींतून परिचित आहेत. त्यांच्या विद्यार्थिदशेतील काटकसर मात्र आमच्या तरुणांपुढे क्वचितच मांडली जाते.

1913 साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. दरमहा साडेअकरा पौंडांत स्वतःचा खर्च, घरी पाठवावयाचे पैसे आणि ग्रंथखरेदी भागवावयाची होती. त्यांनी चैनीला फाटा दिला, ग्रंथांना नव्हे. 1918 मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात दरमहा 450 रुपयांची प्राध्यापकी मिळाली, तरी बिऱ्हाड परळच्या चाळीतच राहिले. ती शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य व मित्र नवल भथेना यांजकडील पाच हजारांचे कर्ज यांच्या बळावर 1920 साली त्यांनी लंडन गाठले. तेथे अर्धपोटी राहून ते दिवसभर ग्रंथालयात वाचीत. 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास डी.एस्सी. पदवी मिळाली, रुपयाचे मोल त्यांनी आधी पोटाला चिमटा घेऊन जाणले होते.

वसतिगृहातील आमच्या मुलामुलींनी शिष्यवृत्तीचा हिशेब वहीत लिहावा; पालकांनी कर्ज काढावयाचेच तर लग्नाच्या थाटासाठी नव्हे, विद्येसाठी काढावे, एवढीच आमची विनंती आहे.