विनोबा भावे यांचे अध्ययन व पाठांतर

विनायक नरहर भावे ऊर्फ आचार्य विनोबा भावे (जन्म : ११ सप्टेंबर १८९५, गागोदे, मृत्यू : १५ नोव्हेंबर १९८२, पवनार) हे गांधीवादी विचारवंत, भूदान चळवळीचे प्रवर्तक आणि गीताईचे कर्ते होते. हजारो श्लोक, अभंग व ओव्या त्यांना मुखोद्गत होत्या, तसेच अनेक भाषा अवगत होत्या. मात्र ज्यांना वाचन वा पाठांतर जड जाते त्यांच्यासाठी मजकूर कसा घडवावा, याचा त्यांनी प्रत्यक्ष केलेला विचार तुलनेने कमी परिचित आहे.

== बालपण ==
विनोबांचा जन्म तत्कालीन कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील पेण तालुक्याच्या डोंगराळ भागात गागोदे या गावी झाला. अंबा नदीच्या खाडीवरील धरमतर बंदर हे त्या काळी या परिसराचे मुंबईकडे जाण्याचे प्रमुख द्वार होते. गागोद्यात आजोबा शंभुराव यांच्या पूजाअर्चेच्या व आई रुक्मिणीबाईंच्या भजनांच्या वातावरणात त्यांचे बालपण गेले. अभंग त्यांच्या कानी आधी पडले व पुस्तकातून नंतर भेटले. वडील नोकरीनिमित्त बडोद्यास असल्याने पुढे कुटुंब तेथे गेले.

== बडोदे ==
बडोद्याच्या शाळेत त्यांचा आवडता विषय गणित होता. दुसरी भाषा म्हणून वडिलांच्या इच्छेनुसार त्यांनी फ्रेंच घेतली; आईला मात्र मुलाने संस्कृत शिकावे असे वाटे. संस्कृत त्यांनी बव्हंशी स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केले. पाठ्यपुस्तकांपेक्षा बडोद्याच्या ग्रंथालयात त्यांचा अधिक वेळ जाई. या काळात ते कविता रचत आणि मनासारखी उतरली की अग्नीला अर्पण करीत.

रुक्मिणीबाईंचे शिक्षण बेताचेच होते. भक्तिमार्गप्रदीप हे पुस्तक त्या एकेक अक्षर जुळवीत वाचत व एका पद्याला बराच वेळ लागे. विनायक शेजारी बसून त्यांना वाचनास साहाय्य करी. त्या गीतेवरील प्रवचनास जाऊ लागल्या, तेव्हा संस्कृत कळत नसल्याने त्यांनी मुलाकडे मराठी गीतेची मागणी केली. गद्य अनुवाद त्यांना रुचला नाही. वामन पंडितांची समश्लोकी आणून दिली, तर तीही कठीण वाटली. यापेक्षा सोपी गीता उपलब्ध नाही असे कळल्यावर ती मुलानेच का करू नये, असे त्यांनी सुचविले. १९१८ मध्ये त्यांचे निधन झाले. ही मागणी त्यांच्या हयातीत पूर्ण झाली नाही.

== गृहत्याग आणि वाई ==
आपली प्रमाणपत्रे विनोबांनी चुलीत जाळली. १९१६ मध्ये इंटरमीजिएटच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले असताना ते सुरतेस उतरले व काशीस गेले. त्याच वर्षी जूनमध्ये ते अहमदाबादजवळील कोचरब आश्रमात गांधीजींकडे आले. पुढे वर्षभराची रजा घेऊन वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे त्यांनी उपनिषदे, ब्रह्मसूत्रे व शांकरभाष्य यांचे अध्ययन केले. तेथेच ते विद्यार्थ्यांना गीता शिकवीत. विद्यार्थी मंडळाच्या वाचनालयासाठी लागणारा पैसा सर्वांनी जात्यावर दळण दळून उभा केला. शरीरश्रम आणि विद्या यांची ही सांगड पुढे त्यांच्या शिक्षणविचाराचा गाभा ठरली. १९२१ मध्ये ते वर्ध्याच्या आश्रमाचे प्रमुख झाले.

== गीताई ==
७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ या चार महिन्यांत विनोबांनी गीताईची रचना केली. मूळ गीतेच्या प्रत्येक श्लोकास एक मराठी श्लोक, अशी तिची बांधणी आहे. त्यामुळे पाठ करावयाचा प्रत्येक तुकडा लहान राहतो, आणि पुढचा शब्द विसरला तरी लय त्याची आठवण करून देते.

गीताईची छपाईपूर्व पारख हा या चरित्रातील सर्वांत बोधक भाग मानावा लागेल. विनोबांनी ती प्रथम आश्रमातील लहान मुलांच्या वर्गात शिकविली. मुले जेथे अडखळत तेथे शब्दयोजना बदलली, आणि मगच पुस्तक छापले. अडखळणे हा येथे मुलांचा दोष न ठरता रचनेतील उणीव ठरला. प्रकांड पाठांतर असलेल्या पंडिताकडून अशी रीत सहसा अपेक्षित नसते.

१९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक, याप्रमाणे त्यांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती टिपून घेतली. श्रोत्यांत राजकीय कार्यकर्त्यांबरोबर साधे कैदीही असल्याने या प्रवचनांची भाषा बोलीच्या जवळ जाणारी व रोजच्या व्यवहारातील दृष्टान्तांनी भरलेली आहे.

== भाषा, लिपी आणि नई तालीम ==
१९४२ नंतरच्या कारावासात वेल्लोर येथे विनोबांनी तमिळ, तेलुगू, कन्नड व मल्याळम या चारही भाषा एकाच वेळी अभ्यासिल्या. शब्दांची परस्पर तुलना हीच स्मरणाची युक्ती होती. एका भाषेत कळलेले दुसरीत ओळखीचे होई. अन्य भाषांतही ते बहुधा धर्मग्रंथांच्या वाटेने शिरत. कुराण मुळातून वाचण्यासाठी ते अरबी शिकले. लेखन-वाचन सुलभ व्हावे यासाठी लोकनागरी ही सुधारित लिपी त्यांनी सुचविली. ती मात्र रूढ झाली नाही.

१९३७ च्या वर्धा परिषदेनंतर नेमलेल्या झाकीर हुसेन समितीचे ते सदस्य होते. या समितीने हस्तोद्योगातून शिक्षण देणारी नई तालीम मांडली. सूत कातताना धागा मोजणारे मूल अंक केवळ ऐकत नाही, तर हाताळते.

अध्ययन-अक्षमता ही संज्ञा १९६३ नंतर जगभर रूढ झाली आणि भारतात तिचा स्पष्ट समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात झाला. विनोबांचे प्रयोग त्यापूर्वीचे व वेगळ्या हेतूने केलेले असल्याने त्यांना उपचारपद्धती म्हणता येत नाही. तरी लहान तुकडे, लय, श्रवणासह वाचन, हातांचा वापर आणि मुलांच्या अडचणीनुसार मजकुरात बदल ही साधने आज अशा विद्यार्थ्यांसाठीही वापरली जातात.

== उत्तरायुष्य ==
१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदानास प्रारंभ झाला. त्यानंतरच्या दीर्घ पदयात्रेतही भाषाभ्यास चालू होता. १९५८ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तर १९८३ मध्ये मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. आईसाठी योजिलेली गीताई आजही महाराष्ट्रातील अनेक घरांत व शाळांत म्हटली जाते.